सगळेच एकमेकांवर नजर ठेवून असतील, तर विरोध सुरू कुठून होतो?

कसबेकर:

नमस्कार मंडळी. मे महिन्यात भाचीकडे बर्लिनला जाऊन आलो. भिंत सगळेच बघतात, मीही पाहिली. पण डोक्यातून जात नाहीये ते लिख्टेनबर्गमधलं श्टासीचं मुख्यालय. श्टासी म्हणजे पूर्व जर्मनीचं गुप्त पोलीस खातं. एरिक मिल्के नावाचा गृहस्थ १९५७ ते १९८९, तब्बल बत्तीस वर्षं, त्या खात्याचा प्रमुख होता. त्याचं ऑफिस अजून ठेवलंय. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल. तर आपल्याकडच्या एखाद्या सहकारी बँकेच्या चेअरमनची केबिन. टेबल, खुर्च्या, टेलिफोन, बस्स.

तिथे कळलेला आकडा असा: १९८९ साली पगारी माणसं सुमारे ९१ हजार आणि वर खबरी सुमारे १ लाख ८९ हजार. देशाची लोकसंख्या १ कोटी ६४ लाख. म्हणजे साठेक माणसांमागे एक. मी कसब्यातल्या वाड्यात वाढलो. चौदा बिऱ्हाडं, साठ-पासष्ट डोकी. हिशोबाने आमच्या वाड्यात एक जण खबऱ्या निघाला असता. (कोण, हे मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. त्या काकू आता हयात नाहीत.)

तर प्रश्न असा. पोलीस गणवेशात असला की त्याच्यापासून लपता येतं. पण जिच्याकडे वाटीभर साखर मागायची तीच लिहून पाठवत असेल, तर माणूस पहिला शब्द बोलतो कोणाशी? विरोध सुरू कुठून होतो? पुस्तकी उत्तर नको, कोणाला जवळून काही माहीत असेल तर लिहा.

---

सांगलीची_माई:

कसबेकर, मी २००३ पासून लाइपझिगला राहते. यजमानांची नोकरी इथे, मी आधी घर आणि मग एका बालवाडीत. आमच्या घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका, वय आता ऐंशीच्या पुढे. तेव्हा हे सगळं त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकलेलं.

आधी 'नजर' म्हणजे काय ते सांगते, कारण लोकांना कॅमेरे आणि माइक आठवतात. ते होतंच. पण रोजची नजर म्हणजे एक वही. 'हाउसबूख', घराची वही. प्रत्येक इमारतीत एक. कोण राहतं, जन्म कधीचा, धंदा काय. पाहुणा तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर त्याचं नाव, कुठून आला, कधी गेला. पश्चिमेकडचा असेल तर चोवीस तासांत नोंद. वही सांभाळायला इमारतीतलाच एक जण. बाईंच्या इमारतीची वही त्यांनी १९९० साली कचऱ्यातून उचलून आणली, ती मी हातात घेतली आहे. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी दिसते. रकाने आखलेले, अक्षर वळणदार. बाईंचा भाऊ हानोवरहून नाताळात आला होता, चार दिवस, तेही त्यात आहे. भीती वाटावी असं त्या वहीत काही नाही आणि मला वाटतं तीच गोम आहे. रोज थोडं थोडं लिहून द्यायची सवय झाली की पुढचं लिहून देणं जड जात नाही.

बरं, तुरुंगात टाकणं सत्तरच्या दशकात त्यांना परवडेना. जगात नाव खराब होत होतं, मानवी हक्क पाळू असं म्हणणाऱ्या हेलसिंकीच्या करारावर सह्या केलेल्या होत्या. मग १९७६ मध्ये एक लेखी सूचना निघाली आणि नवी पद्धत आली. तिचं नाव 'त्सेरझेत्सुंग'. कुजवणं म्हणा. माणसाला हात लावायचा नाही. त्याची बढती का अडली हे त्याला कळू द्यायचं नाही. तो नसताना घरात शिरून वस्तू हलवून ठेवायच्या. त्याच्या मित्रांत कुजबूज सोडायची की अरे, हाच खबरी आहे. माणूस वेडा होतो किंवा एकटा पडतो, आणि तक्रार करायला गेला तर सांगणार काय? माझ्या घरातली टॉवेलची घडी बदलली?

इथल्या 'रुंडे एके' नावाच्या इमारतीत (श्टासीचं लाइपझिगचं ऑफिस, आता संग्रहालय) काचेची बरणी पाहिली. आपण लोणचं घालतो तशी, घट्ट झाकणाची. आत पिवळं फडकं. चौकशीला बोलावलेल्या माणसाला ज्या खुर्चीवर बसवायचे तिच्यावर ते फडकं. नंतर ते बरणीत बंद. माणसाचा वास साठवून ठेवायचा, पुढे कुठे पत्रक सापडलं तर कुत्र्याला हुंगवायला. मी बरणीसमोर उभी होते आणि मला हसू आलं, मग लाज वाटली.

आता तुमचा मुद्दा. पहिला शब्द कोणाशी? बाईंचं उत्तर: कोणाशीच नाही. त्यांचा पहिला विरोध मुका होता.

तिथे निवडणूक म्हणजे यादी आधीच ठरलेली. चिठ्ठी घ्यायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. झालं 'हो' मत. लोक 'मतदानाला जातो' म्हणायचेच नाहीत, 'घडी घालायला जातो' म्हणायचे. नकार द्यायचा तर पडद्याआड जाऊन एकेक नाव खोडायचं. पडदा खोलीच्या पार टोकाला, आणि तिकडे कोण गेलं याकडे टेबलामागच्यांचं लक्ष. ७ मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकीत बाई वयाच्या पंचेचाळिशीत पहिल्यांदा पडद्याआड गेल्या. पर्समधून स्वतःचं पेन काढलं. नावं पट्टी लावल्यासारखी सरळ खोडली. मास्तरीणच ती! म्हणतात, टेबल ते पडदा पंधरा पावलं होती, अजून मोजून दाखवते.

आणि गंमत पुढे आहे. मतमोजणी बघायचा हक्क तिथल्या कायद्यातच नागरिकांना दिलेला. कोणी वापरत नव्हतं इतकंच. त्या वर्षी चर्चच्या आसऱ्याने जमलेली पोरं, गृहिणी, कारखान्यातले लोक केंद्राकेंद्रांवर जाऊन उभे राहिले आणि आकडे वहीत टिपले. रात्री निवडणूक आयोगाचा प्रमुख एगॉन क्रेंझने जाहीर केलं: ९८.८५ टक्के 'हो'. बर्लिनच्या वाइसनझे भागात लोकांच्या वह्यांतली नकाराची बेरीज सरकारी आकड्यापेक्षा कितीतरी जास्त भरली. सरकारने वह्या ठेवल्या होत्या, लोकांनीही ठेवली. पुढे दर महिन्याच्या ७ तारखेला बर्लिनच्या आलेक्सांडरप्लात्झवर निषेधाला माणसं जमायची, ती यावरूनच.

बाकी चर्चचं लिहायला बसले तर पोळ्या करपतील. रात्री येते.

---

अंत्रूजकर:

माई, झकास. मी फोंड्याचा. तुमची वही वाचून आमच्या घरातली एक लग्नपत्रिका आठवली.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राजवटीत गोव्यात छापायचं काहीही आधी सेन्सॉरकडे. वर्तमानपत्र तर होतंच, लग्नाची पत्रिकासुद्धा. आजोबांच्या धाकट्या भावाच्या लग्नात पत्रिकेचा मसुदा पणजीला गेला आणि परत यायला इतका वेळ लागला की निम्म्या गावाला निरोप तोंडी द्यावा लागला. आजोबा म्हणायचे, नवऱ्यामुलाला बायको पसंत, भटजींना मुहूर्त पसंत, आता साहेबाला व्याकरण पसंत पडलं की झालं. पेपरावर 'सेन्सॉरने पाहिले' अशी पोर्तुगीज ओळ छापलेली असायची. ती बघून लोक समजायचे की यात नसलेलं काय ते बाहेर शोधायचं.

आमच्याकडेही सुरुवात साधीच होती. १८ जून १९४६ ला लोहिया मडगावात धो धो पावसात बोलायला उभे राहिले. हक्क कसला मागितला? सभा घेण्याचा. तेवढ्यावरून अटक. गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीतले नेते त्रिस्ताव द ब्रागांझ कुन्या यांना तर लष्करी न्यायालयापुढे उभं करून थेट पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं. पुढे १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीपलीकडच्या रानातून रेडिओ चालवला, मुक्तीपर्यंत, सहा वर्षं. सेन्सॉर जे गाळायचा ते रेडिओवर. आजी सांगायची, ऐकताना रेडिओवर गोधडी टाकायची आणि डोकं आत घालायचं. मे महिन्यातसुद्धा.

आमचा अंमल परक्यांचा होता, तुमच्याकडे आपलेच आपल्यावर. तुलना ओढूनताणून करत नाही. पण ती गोधडी मात्र सारखीच असणार.

---

तर्कटराव:

सगळं हृद्य आहे, पण जरा थंड डोक्याने घेऊ. १७ जून १९५३ ला पूर्व जर्मनीत कामगार रस्त्यावर आले होते. रशियन रणगाडे आले, संपलं. १९८९ ला रणगाडे बराकीत राहिले कारण मॉस्कोत गोर्बाचेव्ह होता. हंगेरीने सीमेवरचं कुंपण काढलं, माणसं पळायला लागली, तिजोरीत खडखडाट. मेणबत्त्या आणि वह्यांनी राजवटी पडत नाहीत. नंतर श्रेय घ्यायला सगळे येतात.

---

कसबेकर:

अंत्रूजकर, गोधडीबद्दल +१. आमच्याकडे आणीबाणीत वडील बीबीसी तसंच ऐकायचे.

तर्कटराव, तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. माई काय म्हणतात बघू. आणि माई, एक विचारू का? बाईंनी नंतर स्वतःची फाइल मागवली का?

---

सांगलीची_माई:

तर्कटराव, गोर्बाचेव्हचं कबूल. पण रणगाडे येणार नाहीत हे तुम्हाला आज माहीत आहे. ९ ऑक्टोबर १९८९ ला लाइपझिगमध्ये ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तीन दिवस आधी, ६ तारखेला, इथल्या पेपरात सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या सशस्त्र पथकाच्या एका कमांडरचं पत्र छापून आलं होतं: वेळ पडली तर हातात शस्त्र घेऊन. जूनमध्ये चीनमध्ये तिआनमेन चौकातल्या निदर्शकांवर सैन्य घातलं ते ताजं होतं आणि पूर्व जर्मनीच्या संसदेने त्याची पाठराखण केलेली होती. बाईंच्या शाळेत त्या सोमवारी सांगितलं, मुलांना तीनच्या आत घरी न्या. हॉस्पिटलात रक्त साठवून ठेवलंय अशी बोलवा होती.

निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी पाच वाजता शांततेसाठी प्रार्थना व्हायची. सुरुवातीला कधीकधी मोजकीच डोकी. चर्चच का, तर दुसरं छप्परच नव्हतं. पत्रकं काढायची तर वर छापायचं 'फक्त चर्चच्या अंतर्गत वापरासाठी'. त्या ओळीच्या आडोशाला पर्यावरण, सैन्यभरती, सगळं लिहून व्हायचं. त्या दिवशी पक्षाने आपली शेकडो माणसं दुपारपासूनच बाकांवर नेऊन बसवली, म्हणजे इतरांना जागा नको. पाळक क्रिस्टियान फ्युरर यांनी त्यांनाही या बसा म्हटलं. जन्मात चर्चची पायरी न चढलेले लोक तास-दीड तास बायबल ऐकत बसले. बाहेर आले तर चौक भरलेला. सुमारे ७० हजार माणसं रिंगरोडने चालली, त्याच रुंडे एकेवरून, 'हिंसा नको' आणि 'आम्हीच जनता' म्हणत. गोळी सुटली नाही. दोघांनी एका चर्चच्या मनोऱ्यावरून चोरून चित्रण केलं, दुसऱ्या दिवशी ते पश्चिमेच्या टीव्हीवर, आणि पूर्वेतले लोक तोच टीव्ही बघायचे. महिन्याने भिंत पडली.

बाई चालल्या का? स्टेशनपर्यंत. मग पाय लटपटले म्हणून ट्रॅमच्या थांब्यावर बसून राहिल्या. हे त्या कधी लपवत नाहीत.

कसबेकर, फाइल मागवली. १९९२ च्या जानेवारीपासून लोकांना स्वतःच्या फायली बघता येऊ लागल्या, बाईंनी धीर करायला बरीच वर्षं घेतली. घराची वही ठेवणाऱ्या शेजाऱ्यावर त्यांचा जन्मभर संशय होता. त्या बिचाऱ्याचं नाव कुठेच नाही. लिहीत होती शाळेतली सहकारी, दर गुरुवारी कॉफीला यायची ती. पानंच्या पानं: घरी पश्चिमेचा टीव्ही चालू असतो, भावाने कॉफी आणि मोजे पाठवले, मुलाला सैन्यात जायचं नाही.

तिला जाब विचारलात का, असं मीही विचारलं होतं. म्हणाल्या, नाही. ती अजून पलीकडच्या गल्लीत राहते, बाजारात दिसते, आम्ही नमस्कार करतो. मग कपाटातून झेरॉक्स काढून मला एक ओळ दाखवली, बोट ठेवून, आणि हे सांगताना मात्र आवाज चढला: "बघ, काय लिहिलंय. 'केक नेहमीप्रमाणे कोरडा.' सात वर्षं दर गुरुवारी दोन दोन तुकडे खायची!"