हाताने घडवलेल्या जपानी वाट्या आमच्या रोजच्या जेवणात टिकतील का?

प्रश्न : धानपट्टी (भंडारा जिल्हा)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त नागोया येथे असतो. गावी येताना त्याने तिथून जवळच असलेल्या गिफू प्रांतातील ताजिमी या गावातून हाताने घडवलेल्या पाच लहान वाट्या आणल्या. त्या बाहेरून राखाडी आणि आतून पांढुरक्या असून आतल्या झिलईत केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसते. सासूबाईंच्या मते त्या कपाटात शोभेला ठेवाव्यात. मला त्या रोज वापरायच्या आहेत. परंतु आमच्याकडे दोन्ही वेळा वरण-भात असतो, आठवड्यातून दोनदा आंबाडीची भाजी होते, झुणक्यावर वाटीतच कडकडीत फोडणी ओतली जाते, पाणी बोअरचे जड आहे आणि भांडी राखेने घासली जातात. त्या भेगा म्हणजे तडे आहेत का? हळद मुरेल का? आणि घरात सहा माणसे असताना वाट्या पाचच का, हे भावालाही सांगता आले नाही.

उत्तर : चाकावरची माती (चंद्रपूर जिल्हा)

ताई, मी भद्रावतीच्या ग्रामोदय संघात मातीकाम शिकलो असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. त्या भेगा तडे नव्हेत. भट्टीतून निघालेले भांडे निवताना झिलई खालच्या मातीपेक्षा अधिक आकसली, तर ती ताणली जाऊन तिच्यात अशी जाळी पडते. जपानी भाषेत तिला ‘कान्न्यू’ म्हणतात आणि पुष्कळ कुंभार ती मुद्दाम पाडतात. मात्र हळद आणि तेल आत शिरण्याची वाटही तीच असते.

जपानी लोक अशा भांड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार करतात : मातीचे ‘तोकी’ आणि दगडाच्या भुकटीपासून केलेले ‘जिकी’, म्हणजेच पोर्सेलीन. जिकी सुमारे 1300 अंशांना भाजले जाते, टिचकी मारल्यास घंटेसारखे वाजते आणि पाणी शोषत नाही. तोकी त्याहून कमी आचेवर भाजले जात असल्यामुळे थोडेफार पाणी पिते. वाटी उपडी करून तळाच्या झिलई नसलेल्या कड्यावर पाण्याचा थेंब ठेवावा. तो जिरला, तर ती तोकी समजावी.

तोकी असल्यास पहिल्या वापराआधी ‘मेदोमे’ करतात. धान पिकवणाऱ्या घराला त्यासाठी काही विकत आणावे लागणार नाही : गंजाच्या तळाशी फडके घालून वाट्या तांदळाच्या गार धुवणात बुडवाव्यात, मंद आचेवर वीसेक मिनिटे उकळाव्यात आणि त्याच पाण्यात पूर्ण निवू द्याव्यात. धुवणातील स्टार्च छिद्रांत बसतो. यानंतरही प्रत्येक जेवणाआधी वाटी काही मिनिटे साध्या पाण्यात ठेवावी, कारण छिद्रे आधीच पाण्याने भरलेली असली, की रस्सा आत कमी शिरतो. जेवणानंतर लगेच धुवून ती नीट वाळवावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलसर वाट्या एकात एक रचून ठेवल्या, तर त्यांना बुरशी येते.

राख बंद करावी, मऊ कापड वापरावे. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसल्यास लिंबाची फोड फिरवून लगेच धुवावे. कडकडीत फोडणी मात्र वाटीत कधीही ओतू नये. एका जागी अचानक बसणाऱ्या आचेने माती खरोखरच तडकते.

उत्तर : कापूसवाट (अकोला जिल्हा)

पाचच का, याचे उत्तर मला ठाऊक आहे. जपानीत चाराचा ‘शि’ हा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखाच असल्याने चाराचा संच टाळतात. शिवाय विषम संख्या शुभ मानली जाते, म्हणून तिथे पाचाचा संच रूढ झाला.

वरील उत्तरात एक गोष्ट राहिली. जपानी माणूस वाटी हातात उचलून जेवतो आणि तळाचे ते कडे, ‘कोदाई’, बोटांच्या आधारासाठीही उपयोगी पडते. आपली वाटी ताटातच राहते. माझ्या ताटात अशी उंच, अरुंद तळाची वाटी भाकरीच्या रेट्याने दोनदा कलंडली, तेव्हापासून ती ताटाबाहेर उजव्या हाताला ठेवतो. कडे खरखरीत असेल, तर बारीक पॉलिश पेपरने घासून घ्यावे. नाहीतर टेबलावर ओरखडे उठतात.

हागी गावच्या भांड्यांत चहाचा रंग मुरत जातो आणि तिथे त्याचे कौतुक होते, असे सांगून काही विक्रेते डागांचेही गोडवे गातात. ते चहापुरते मान्य आहे. फोडणीचे तेल मुरले, तर खवट वास येतो आणि त्याचे कौतुक कोणीही करणार नाही.

उत्तर : चाकावरची माती

मान्य आहे. आंबाडीविषयी लिहायचे राहिले होते. जपानमध्ये 1947 च्या अन्न स्वच्छता कायद्याखाली झिलईतून शिसे आणि कॅडमियम झिरपण्यावर मर्यादा आहेत, त्यामुळे जेवणासाठी म्हणून विकलेल्या नव्या वाटीची मला धास्ती वाटत नाही. बाजारातल्या जुन्या, रंगीत नक्षीच्या वाटीची वाटेल. तरीही आंबट भाजी जाळीदार झिलईत रात्रभर ठेवू नये. त्यासाठी लोणच्याच्या बरणीसारखे दाट भाजलेले भांडे हवे.

धानपट्टी

आपल्या दोघांचे आभार. थेंब पाच-सहा मिनिटांत जिरला, म्हणजे वाट्या तोकी आहेत. काल त्या धुवणात उकळून घेतल्या. आंबाडी आणि झुणका स्टीलमध्येच राहतील. दही, काकडीची कोशिंबीर आणि जवसाची चटणी यांत वाढली जाईल. चटणीला तेल असते, तेवढी जोखीम मी पत्करली आहे. सासूबाईंनी आपली काशाची वाटी सोडणार नाही असे जाहीर केले, त्यामुळे पाच वाट्या पुरल्या.