झाडू यंत्रानं धूर कमी होणार आहे का?

गंगावेसकर
कालची पोस्ट वाचली. "स्वच्छ हवेच्या निधीतून झाडू यंत्र फिरतंय, चौकात कारंजी होताहेत, आता टीका थांबवा आणि साथ द्या." का थांबवायची? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम 2019 ला सुरू झाला. त्याच्या यादीत कोल्हापूर आहे, ते हवा मानकात बसत नाही म्हणूनच. आणि प्रगती मोजतात ती मुख्यतः पीएम 10 वर, म्हणजे धुळीवर. धुराचे बारीक कण पीएम 2.5 मध्ये येतात आणि फुप्फुसात खोल जातात. सीएसई या दिल्लीच्या पर्यावरण संस्थेनं 2024 मध्ये या निधीचा देशभरचा हिशेब मांडला, त्यात 64 टक्के पैसा रस्त्याच्या धुळीवर गेलेला आणि उद्योगांवर एक टक्कासुद्धा नाही! झूमवरचा, म्हणजे शहराच्या कचरा डेपोवरचा कचरा पेटला की कारंजं काय करणार? आमच्या आईला दमा आहे. कचऱ्याचा धूर आला की दारं-खिडक्या लावूनही तिची रात्र बसून जाते.

रंकाळा_फेरी
पोस्ट माझी आहे, उत्तर देतो. माझं महाद्वार रोडला दुकान आहे. दुपारी पुसलेलं काउंटर संध्याकाळी परत मातीनं भरतं. ती धूळ मी रोज खातो, मला यंत्र हवंच आहे. गल्लीत प्लास्टिक कोण पेटवतं, महापालिका? उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये दंड, हे हरित लवादानं 2016 मध्येच सांगितलंय. शेजाऱ्याची तक्रार करायला मात्र कोणी पुढं येत नाही. आणि खरा धूर गावाकडनं येतो. हंगामात उसाचे फड पेटतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते.

करवीरचा_शेतकरी
आलं का शेवटी आमच्यावर! फड हौसेनं पेटवतोय व्हय आम्ही? तोडणीची टोळी बांधावर येऊन म्हणते, पेटवून द्या, नाहीतर पुढच्या रानात जातो. जळीत उसाला कारखाना कपात लावतो, म्हणजे तोटा आमचाच. पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, ठेवलं तर एकरी तीन-चार टन रानातच कुजतं, ओल टिकते. मी खोडव्यात सरीला पाचट दाबतोच. पण ऊस वाळायला लागला आणि टोळी मिळंना, तर करायचं काय? दुकानात बसून सांगू नका.

शिरोली_फाउंड्री
गुऱ्हाळांचं पण बोला की. चुलाणात टायर जातात ते दिसत नाही? आम्ही कोक जाळणारी कपोला भट्टी काढून विजेवरची इंडक्शन भट्टी बसवली, विजेचं बिल सोसतोय, तरी शिव्या कारखानदारालाच.

करवीरचा_शेतकरी
आमच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. जळण चिपाडाचंच. पावसानं चिपाड भिजलं की अडचण व्हायची, तरी टायर कधी घातला नाही. जो घालतो त्याला धरा, माझी ना नाही. चुलाणावर जाळ घालणारा माणूसच तो धूर पहिला खातो. पण 2014 ला कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतरही गुऱ्हाळं बंद पडतच आहेत, त्यावर तुम्ही कधी धागा काढलाय?

गंगावेसकर
गुळाचा वेगळा धागा काढा, मी येतो. इथं प्रश्न निधीचा आहे. कचरा रोजच्या रोज वेगळा होऊन प्रक्रियेला गेला तर ढीग साठणार नाही, पेटणार नाही. पैसा तिथं घाला.

रंकाळा_फेरी
झूमचं मान्य. निवेदन लिहा, सही करतो. पण झाडू यंत्र बंद करा असं त्यात लिहिलंत तर सही मिळणार नाही. आणि फड पेटवण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

करवीरचा_शेतकरी
मग त्याच निवेदनात तोडणी यंत्राचं पण घाला. पाचट पेटवायची गरजच पडणार नाही.