मदत हवी आहे: संगीत-व्हिडिओ निर्मात्याच्या कारकिर्दीविषयी कसे लिहावे?

नमस्कार. एका पुरस्कारप्राप्त संगीत-व्हिडिओ निर्मात्याच्या कारकिर्दीवर मी दीर्घ लेख लिहीत असून त्यासाठी आपले मार्गदर्शन हवे आहे. १९८१ मध्ये एमटीव्ही सुरू झाल्यापासून या माध्यमातील दिग्दर्शकांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु रेकॉर्ड कंपनीने गाणे आणि ठरावीक रक्कम हाती दिल्यावर दिग्दर्शकाची कल्पना त्या रकमेत बसवणारा, आणि जागा, परवानग्या, विमा, तंत्रज्ञ, संकलन हे सारे थोडक्या दिवसांत जुळवून आणणारा निर्माता वाचकाला क्वचितच दिसतो. हे मला मनापासून खटकते. ग्रॅमीचा सर्वोत्कृष्ट संगीत-व्हिडिओ पुरस्कार कलाकार आणि दिग्दर्शकाबरोबर निर्मात्यालाही दिला जातो, यावरून त्याच्या कामाचे मोल कळावे.

मुख्य अडचण श्रेयनामावलीची आहे. एमटीव्हीने १९९२ मध्ये गाण्याच्या माहितीत दिग्दर्शकाचे नाव देण्यास सुरुवात केली, पण निर्मात्यांची नावे शोधताना आजही फार कष्ट पडतात. केवळ पुरस्कारांच्या आधारे लिहिले, तर सेटवरील सहायक ते निर्मिती व्यवस्थापक हा प्रवास आणि पुढे जाहिरातींकडे किंवा चित्रपटांकडे वळण्यामागची कारणे निसटतील, अशी भीती वाटते.

अशा नोंदी आपण कोठे आणि कशा पडताळता? तसेच, अंदाजपत्रकात निर्मात्याने घेतलेल्या निर्णयांचे श्रेय दिग्दर्शकाच्या श्रेयापासून वेगळे कसे दाखवावे? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया अवश्य लिहावे.