अल्कलॉइड : ‘वनस्पतिजन्य विष’, ‘क्षाराभ’ की आहे तोच शब्द?

प्रश्न : औषधी वनस्पतींवरील एका मराठी लेखात ‘अल्कलॉइड’साठी ‘वनस्पतिजन्य विष’ असे शब्द योजलेले दिसले, हिंदीत मात्र ‘क्षाराभ’ म्हणतात. मराठीत काय लिहावे?

उत्तर : ‘वनस्पतिजन्य विष’ कृपया लिहू नये. अल्कलॉइड म्हणजे मुख्यतः वनस्पतींत आढळणारे नायट्रोजनयुक्त संयुग, आणि त्यासाठी हा प्रतिशब्द दोन्ही अंगांनी चुकतो. कण्हेरीतले ओलिअँड्रीन हे ग्लायकोसाइड (साखरेचा रेणू जोडलेले संयुग) आहे, गुंजेतले ॲब्रिन आणि एरंडाच्या बीतले रायसिन ही प्रथिने आहेत. म्हणजे ही जहाल विषे असूनही अल्कलॉइडे नव्हेत. उलट चहातले कॅफीन अल्कलॉइड असूनही त्याला आपण विष म्हणत नाही.

शिवाय विष आणि औषध अशी वाटणी या द्रव्यांत करताच येत नाही. धोतऱ्यातली ॲट्रोपीन आणि हायोसायमीन ही अल्कलॉइडे ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक द्रव्याचे काही ग्राही (पेशींवरचे संदेश टिपणारे रेणू) अडवतात. त्यामुळे धोतऱ्याचे बी पोटात गेले की तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, नाडी धावू लागते आणि माणूस भ्रमात बरळतो. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत नेमक्या याच ॲसिटिलकोलीनचा शरीरात अतिरेक होतो, बाहुल्या आकसतात, श्वासमार्ग स्रावांनी भरून येतो, आणि तेव्हा ॲट्रोपीनचे इंजेक्शनच रुग्णाचा जीव वाचवते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना झालेल्या विषबाधा ज्यांना आठवतात, त्यांना या औषधाचे मोल वेगळे सांगायला नको. ज्या शब्दाने यातली एकच बाजू दिसते, तो शब्द वाचकाची दिशाभूल करतो.

कळलावीतले कोल्चिसीन अल्प मात्रेत गाउट या सांध्यांच्या विकारावर दिले जाते, पण तिचा कंद खाल्ल्यास तेच जीव घेते. सर्पगंधेची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये या मुळीचा उच्च रक्तदाबावरील गुण मांडला आणि १९५२ साली तिच्यातले रिसर्पीन वेगळे झाले. पुढे या औषधाने काही रुग्णांना नैराश्य येते, अशीही नोंद झाली.

आता ‘क्षाराभ’. जर्मन औषधशास्त्रज्ञ माइसनर यांनी १८१९ साली अल्कलीसारखे गुणधर्म असलेल्या वनस्पतिज द्रव्यांना ‘अल्कलॉइड’ हे मूळ नाव दिले आणि ‘क्षाराभ’ हे त्याचे सरळ रूपांतर आहे, कारण हिंदीत क्षार म्हणजे अल्कली. अडचण अशी की आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांत क्षार म्हणजे मीठ या वर्गातले संयुग, आणि अल्कलीला ‘अल्क’ म्हणतात. त्यामुळे मराठी विद्यार्थी ‘क्षाराभ’चा अर्थ मिठासारखा पदार्थ असा लावील. त्यातही कोल्चिसीन किंवा मिऱ्यातले पिपरीन यांत अल्कधर्म जवळजवळ नसतोच. त्यांची गणना नायट्रोजनयुक्त रचनेमुळे होते.

म्हणून ‘अल्कलॉइड’ हाच शब्द ठेवावा, तो नपुंसकलिंगी मानावा आणि अनेकवचन ‘अल्कलॉइडे’ करावे. पहिल्या उल्लेखाला ‘वनस्पतींत आढळणारे, शरीरावर तीव्र परिणाम करणारे नायट्रोजनयुक्त संयुग’ एवढे स्पष्टीकरण जोडले की सर्वसामान्य वाचकाचे काम भागते. (काही बुरशींत आणि प्राण्यांतही अल्कलॉइडे असतात, पण औषधी वनस्पतींच्या लेखात त्याने अडत नाही.)

पुरवणी : वरील उत्तराशी सहमत आहे. एक भर घालतो. ‘धोतरा’ आणि ‘पिवळा धोतरा’ या अगदी वेगळ्या कुळांतल्या वनस्पती आहेत. पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलात सँग्विनरीन हे अल्कलॉइड असते; ते केशवाहिन्यांना इजा करते, अंगावर सूज येते आणि हृदय निकामी होऊ शकते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात झालेल्या याच भेसळीने माणसे दगावली होती. या विषबाधेविषयी लिहिताना नुसते ‘धोतरा’ लिहिल्यास वाचक ॲट्रोपीनची लक्षणे शोधत बसेल, म्हणून ‘पिवळा’ हे विशेषण कधीही गाळू नये.