विषय: ब्रेव्हेच्या कंट्रोलवर कॉफी कशी द्यायची?

प्रेषक: कार्यवाह

नमस्कार मंडळी,

यंदाच्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेरीत, १२० किलोमीटरवरचा कंट्रोल (वाटेतला तपासणी-थांबा) आपल्या मंडळाकडे आला आहे. हॉल ठरला, टेबलं आहेत, खाण्याचं आयोजक बघतायत. आपल्याकडे काम दोनच: रायडरच्या कार्डावर शिक्का आणि हातात कॉफी. सत्तरेक रायडर धरून चला. स्वयंसेवक चार, त्यातले दोघं शिक्क्यांवर अडकणार.

आपल्या सायकल गटातल्या मंडळींनी मागे एका कंट्रोलवर मिळालेल्या कॉफीबद्दल जे उद्गार काढले होते, ते या लिस्टवर लिहिण्यासारखे नाहीत. आपल्याबद्दल तसं कुणी बोलू नये, एवढीच अपेक्षा. फार खटाटोप न करता बरी कॉफी कशी देता येईल ते सुचवा.

प्रेषक: खजिनदार

इन्स्टंटच्या दोन बरण्या, गरम पाणी, साखर, चमचे. ज्याची त्याने करून घ्यावी. इतका वेळ सायकल हाणल्यावर माणसाला गरम आणि गोड काहीतरी हवं असतं, चवीचे चोचले कोण करतो?

आणि कुणीतरी एस्प्रेसो मशीन भाड्याने आणायचा विषय काढणारच, म्हणून आधीच सांगून ठेवतो: माझी सही मिळणार नाही.

प्रेषक: सायकल गट

काका, चव कळते, आणि चांगलीच कळते. पाच तास एनर्जी जेल आणि गोड पाणी घशाखाली ढकलल्यावर तोंडाला जो चिकट गोडवा येतो, त्यावर कडवट गरम घोट म्हणजे सुख. तीच कॉफी जळकी निघाली की पुढचे ८० किलोमीटर डोकं तिथेच अडकतं.

पण कॉफीची चव नंतर बघू, आधी रायडर कसा येतो ते सांगतो. तो आत येतो तेव्हा एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात काढलेले हातमोजे, बगलेत हेल्मेट. सकाळच्या गारठ्यात बोटं इतकी बधिर झालेली असतात की साखरेची पुडी फुटत नाही. दाताने फाडतो, अर्धी साखर टेबलावर. मग ओला चमचा तसाच इन्स्टंटच्या बरणीत, आणि तासाभरात त्या बरणीत गोळे. दहा मिनिटांत बाहेर पडायचा बेत असतो, त्यातली चार मिनिटं या खेळात जातात. त्यामुळे "ज्याची त्याने" नको. आयता भरलेला कप हातात द्या.

दुसरं म्हणजे वेळ. २०० च्या ब्रेव्हेत जास्तीत जास्त वेग ताशी ३४ आणि कमीत कमी १५ किलोमीटर धरून कंट्रोलच्या वेळा ठरतात. म्हणजे सकाळी ६ ला सुटलो तर १२० चा कंट्रोल ९ वाजून ३२ मिनिटांनी उघडतो आणि दुपारी २ ला बंद होतो. साडेचार तासांत सत्तर माणसं ऐकायला सोपं वाटतं, पण रायडर थेंबाथेंबाने येत नाहीत. वाऱ्यात एकमेकांच्या आडोशाने झुंडीने येतात. एकदम पंधराजण, मग वीस मिनिटं शुकशुकाट. तयारी त्या पंधरांसाठी हवी.

आणि शेवटी येणाऱ्याला विसरू नका. पावणेदोनला पोचलेल्याला सगळ्यात जास्त गरज असते आणि त्याच्याच वाट्याला तळाचा गाळ येतो.

प्रेषक: कॉफीवाला

लिस्टवर माझं हे नाव कुणी पाडलं माहीत नाही, पण आता लिहितोच.

काकांशी मशीनबाबत मी सहमत आहे, पैशांसाठी नाही, वेळेसाठी. घरगुती मशीनवर एक कप हातात पडेपर्यंत दीड-दोन मिनिटं जातात. पंधराजणांची झुंड म्हणजे अर्धा तास, तोवर पुढची झुंड दारात. मोका पॉट, एरोप्रेस, सगळी घरची खेळणी घरीच राहू द्या.

माझं म्हणणं एवढंच की कॉफी करायची वेळ आणि द्यायची वेळ वेगळी ठेवा. रायडर दारात दिसल्यावर करायला घेतली की आपण हरलो. पातेल्यात एकदम करा, पंपाच्या थर्मासमध्ये भरा, दाबा आणि द्या. पंप दाबून कप भरायला पाच-सात सेकंद लागतात.

पातेल्यातली कॉफी म्हटलं की लोकांना उकळलेलं काळं पाणी आठवतं. तसं व्हायचं कारण एकच, ती गॅसवर राहते. आपण गॅसवर पाणीसुद्धा ठेवायचं नाही. बॉयलरमधलं उकळतं पाणी ५ लिटर झाकणाच्या स्टीलच्या पातेल्यात घ्या, त्यात ३०० ग्रॅम पूड टाका. लिटरला ६० ग्रॅम हे प्रमाण जगभर चालतं, त्यात काटकसर करू नका. बेचव कॉफीमागे बहुतेक वेळा कमी पूड असते. पातेलं गार असतं, त्यामुळे पाणी आपोआप पंचाण्णव अंशांच्या आसपास येतं, थर्मामीटर घेऊन उभं राहायची गरज नाही.

पूड जाड मिठाइतकी भरड हवी. बारीक दळली तर फडक्यातून उतरत नाही आणि कडूही होते. टाकल्यावर लांब चमच्याने तळापर्यंत ढवळा, झाकण घाला, पाच मिनिटं हात लावू नका. मग झाकण काढलं की वर पुडीचा जाड थर दिसेल. तो चमच्याने हलकेच मोडा. बरीचशी पूड मिनिटाभरात खाली बसते. आता ओगराळ्याने वरूनच घेत, गाळणीवर ओलं मलमल टाकून, थेट थर्मासमध्ये गाळा. तळाचं अर्धं ओगराळं सोडून द्या, गाळ तिथेच असतो. पूड पिशवीत बांधून बुडवायचा मोह होतो, पण घट्ट पिशवीत मधली पूड नीट भिजतच नाही.

३०० ग्रॅम पूड साधारण ६०० मिली पाणी पिऊन बसते, म्हणजे हातात येते ४.४ लिटर. २.२ लिटरचे दोन थर्मास बरोबर भरतात. कप १५० मिलीचा धरला तर एकोणतीस कप, म्हणजे पंधरांची झुंड दोन वेळा येऊन गेली तरी जवळजवळ पुरेल. एकूण शंभर कप धरू, कारण काहीजण दुसरा घेणारच. चार खेपा, सव्वा किलो पूड. आदल्या रात्री ३०० ग्रॅमच्या चार पिशव्या मोजून बांधून ठेवतो. त्या दिवशी तिथे कुणी वजनकाटा शोधत बसायला नको.

थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून गरम करा. ही पायरी लोक गाळतात आणि मग कॉफी कोमट झाली म्हणून थर्मासला नावं ठेवतात.

आणि एकदा भरल्यावर दीड तास ही मर्यादा. उरली तर ओता. पुन्हा गरम करू नका, गरम प्लेटवर तर अजिबात ठेवू नका. उष्णतेवर राहिली की कॉफीतली क्लोरोजेनिक आम्लं फुटून क्विनिक आम्ल वाढतं, जुन्या कॉफीचा घशाला लागणारा तो आंबट-तुरट फटका त्याचाच. चारही खेपा सकाळीच करून ठेवायच्या नाहीत, त्या यासाठी. शेवटची खेप एक वाजता. पावणेदोनवाल्याला ताजी मिळेल.

प्रेषक: स्वयंपाकघर प्रमुख

भावजी, सगळं छान आहे, पण आपल्या बॉयलरचं काय? वर्षभर त्यात चहा उकळतो. आधी सायट्रिक ॲसिड घालून पाणी उकळवा, तासभर ठेवा, मग दोनदा नुसतं पाणी. नाहीतर तुमच्या ६० ग्रॅमच्या कॉफीला चहाचाच वास येईल. नळी आणि तोटी खोलून ब्रश घाला, वास तिथे बसतो. झाकणाचं रबर बदलायला झालंय.

१० लिटर पाणी उकळायला त्याला अर्धा तास तरी लागतो. पहिली खेप सव्वानऊला हवी तर साडेआठच्या आत चालू करा. ५ लिटर काढलं की लगेच भरा, गार पाण्याने तो खाली येतो. आणि बॉयलर व किटली एकाच पट्टीवर लावू नका. दोन्ही मिळून पाच-साडेपाच किलोवॉट होतात, हॉलचा फ्यूज उडतो आणि मग किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यात अर्धी सकाळ जाते. किटली पलीकडच्या भिंतीवर, तिचा फ्यूज वेगळा आहे.

मलमल नवीन आणते. साबणाचा वास लागू नये म्हणून नुसतं उकळून धुते.

अजून एक. रायडरच्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकवायच्या कडक पट्ट्या (क्लीट) असतात ना, ओल्या टाइल्सवर त्या घसरतात. दारापासून कॉफीच्या टेबलापर्यंत चटया घाला. कॉफी सांडलेल्या फरशीवर कुणी आपटलं तर तुमची चव कोण लक्षात ठेवणार?

प्रेषक: खजिनदार

वहिनींचं पटलं. सव्वा किलो पुडीलाही मंजुरी.

पण आमचा मुलगा घरी थंड पाण्यात रात्रभर कॉफी भिजवतो. आदल्या दिवशी करून न्यायची आणि तिथे गरम पाणी मिसळून द्यायचं, हे जास्त सोपं नाही का?

प्रेषक: कॉफीवाला

काका, प्रश्न चांगला आहे. अडचण तापमानाची आहे. घट्ट थंड कॉफी आणि उकळतं पाणी निम्मंनिम्मं घेतलं, कॉफी फ्रिजमधून काढलेली असेल तर मिश्रण ५० अंशांवर येतं. गारठलेल्या माणसाला ते पाणचट वाटतं, पुरेशी घट्ट असली तरी. एक भाग कॉफी, तीही हॉलच्या तापमानाला आलेली, आणि दोन भाग उकळतं पाणी घेतलं तर ७० च्या आसपास जमतं. पण मग लिटरला १८०-२०० ग्रॅम पूड घालून बारा ते सोळा तास भिजवायला हवी, आणि इतकी पूड गाळणं हा एक वेगळाच कार्यक्रम आहे.

तरी तुमच्या मुलाला दोन लिटर करायला सांगा. ऊन तापलं तर बारानंतर येणारे थंडच मागतील. बर्फ आणि पाणी घालून देऊ. तोवर फ्रिजमध्ये.

इन्स्टंटची एक बरणी मात्र नक्की ठेवू. फ्रीझ-ड्राइड असेल ती. फ्यूज उडाला किंवा मोजणीपेक्षा वीसजण जास्त आले तर. तेव्हाही कपात नाही, थर्मासमध्येच एकदम कालवायची, कपाला २ ग्रॅमच्या हिशोबाने. लाज वाटायचं कारण नाही.

प्रेषक: सायकल गट

दोन बारीकसारीक गोष्टी राहिल्या. साखर सुटी किंवा पुड्यांत नको. साखर आणि उकळतं पाणी सारखं घेऊन पाक करा, पंपाच्या बाटलीत भरा. एक दाब म्हणजे एक चमचा. मोजे घातलेल्या हातानेही जमतं, ढवळावंही लागत नाही.

कप पाऊण भरा. उभ्याने, कार्ड सांभाळत पिणाऱ्याच्या हातात काठोकाठ कप देणं म्हणजे त्याच्या जर्सीवरच ओतणं. आणि टेबल खिडकीशी लावा. पिताना नजर सायकलवर असली की माणूस निवांत पितो.

कुणी सायकलच्या बाटलीत कॉफी भरून मागेल. एकदाच सांगा की वास आठवडाभर जात नाही. तरी मागितली तर द्या.

प्रेषक: मंडळातले डॉक्टर

थोडक्यात. गरम म्हणजे किती, यावर: ६५ अंशांच्या वरचं पेय नेहमी पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने बरं नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं आहे. एका कपाने काही होत नाही, पण चटका बसणारी कॉफी घाईतल्या माणसाच्या उपयोगाचीही नाही. गार दूध घातलं की आपोआप ६० च्या आसपास येते. बिनदुधाची हवी असेल त्यांना विचारून कपात गार पाण्याची धार सोडा.

कॅफिन चालतं. उत्तेजकांच्या बंदी यादीतून ते २००४ पासून बाहेर आहे. मात्र शरीरातून निम्मं जायलाच साधारण पाच तास लागतात. दुपारी दोनच्या कपातलं निम्मं संध्याकाळी सातलाही अंगात असतं. काहींना त्याने धडधडतं, काही टाळतात. म्हणून एक छोटा थर्मास डिकॅफचा, म्हणजे कॅफिन काढलेल्या कॉफीचा, ठेवा. त्याला लाल पट्टी गुंडाळा, वर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि साध्या कॉफीच्या थर्मासशेजारी ठेवू नका. गर्दीत हात चुकतो.

पोटाचं म्हणाल तर उपाशीपोटी, तळ ढवळून दिलेली कॉफी काहींना सोसत नाही. शौचालयाची पाटी कॉफीच्या टेबलावरून दिसेल अशी लावा. हसू नका.

प्रेषक: कार्यवाह

सर्वांचे आभार. ठरलं ते असं.

बॉयलरची सफाई वहिनी आणि मी शुक्रवारी करतो. पूड, पिशव्या आणि पातेलं कॉफीवाल्याकडे, पहिल्या दोन खेपाही त्याच. नंतरच्या दोन सायकल गटातल्या ज्याचा गुडघा दुखतोय म्हणून तो यंदा चालवत नाहीये त्याच्याकडे. त्याला पाच मिनिटं हात न लावता उभं राहणं जमेल का, ही शंका आहे, पण बघू. पाक आणि दूध खजिनदार काका. दूध लांब टिकणारं, न उघडलेलं आणा, आणि एक खोकं ओटच्या दुधाचं.

राहिले थर्मास. आपल्याला २.२ लिटरचे चार पंपवाले हवेत, दोन वापरात आणि दोन पुढच्या खेपेला. शिवाय गरम पाण्याला एक आणि डिकॅफला एक छोटा. मंडळाकडे एकच आहे आणि त्याचा पंप अर्धा कप देऊन उचकी देतो. ज्यांच्या घरी आहेत त्यांनी बुधवारपर्यंत कळवा, तळाला आडनावाची चिठ्ठी चिकटवा. आणि कृपया आत आजवर सूप भरलेला थर्मास आणू नका, तो कितीही धुतलेला असो.