पट ११२, अनुदान ५० हजार: खेळाचं साहित्य, स्वच्छतागृह की गळकी खोली? समितीनं ठराव कसा करावा?

पालक सदस्य, कळंब तालुका
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा आहे. शाळा व्यवस्थापन समिती नुकतीच नव्यानं बसली. संयुक्त शाळा अनुदान कशावर खर्चायचं यावर बैठकीत तीन तट पडलेत. काहींना खेळाचं साहित्य आणि स्नेहसंमेलन हवंय. महिला सदस्यांचं म्हणणं, मुलींचं स्वच्छतागृह आधी चालू करा. ते बांधलेलं आहे, पण पाणी नसल्यानं कुलूप आहे. तिसरी मागणी दोन निजामकालीन खोल्यांची. पत्रे गळतात, एका भिंतीला उभी चीर गेलीय. ५० हजारांत तिन्ही बसत नाहीत. आधी काय घ्यावं आणि उरलेलं कुठून करावं?

निवृत्त केंद्रप्रमुख, अंबाजोगाई
दादा, तिन्ही मागण्या एकाच पिशवीतून भागवायला निघालात म्हणून तंटा झाला. प्रत्येकीचा पैसा वेगळ्या खात्यात आहे.

समग्र शिक्षात, म्हणजे केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेत, संयुक्त अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार, त्यापुढे एक लाख. पट १०० वर किंवा त्याखाली आला की तुमची रक्कम थेट निम्मी होते, हे लक्षात असू द्या. हा पैसा बंद पडलेलं साहित्य बदलणं, वीजबिल, इंटरनेट, पाणी, प्रयोगाचं साहित्य, इमारतीची किरकोळ देखभाल यासाठी आहे. किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चावेच लागतात, म्हणजे तुमच्याकडे ५ हजार. मंजूर रक्कम एकदम येईलच असं नाही, म्हणून ठराव करताना कागदावरचा आकडा धरू नका. पीएफएमएसवर (सरकारी निधी खर्चायची ऑनलाइन प्रणाली) प्रत्यक्ष किती खर्चमर्यादा दिसते ते मुख्याध्यापकांना विचारा.

खेळाच्या साहित्याला या ५० हजारांतला रुपयाही लावू नका. क्रीडा अनुदान स्वतंत्र आहे: प्राथमिकला ५ हजारांपर्यंत, उच्च प्राथमिकला १० हजारांपर्यंत. तुमची शाळा सातवीपर्यंत आहे, म्हणजे १० हजारांच्या गटात. ग्रंथालयाचं अनुदानही वेगळं येतं. स्नेहसंमेलनाचा मंडप आणि साउंड मात्र लोकवर्गणीतूनच करा. पावतीपुस्तक ठेवा आणि जमाखर्च पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. लेखापरीक्षणात आक्षेप निघतात ते बहुतेक अशाच खर्चावर.

आणि वीजबिल एकदा हातात घेऊन बघा. वर्गवारीत 'सार्वजनिक सेवा – शासकीय' असायला हवं. 'वाणिज्यिक' लागलेलं असेल तर महावितरणच्या उपविभागात अर्ज द्या. दर महिन्याला जादा जाणारा पैसा लेकरांच्या कामी येईल.

ग्रामपंचायत कामकाज, औसा
स्वच्छतागृहाचा पैसा गावातच आहे. पंधराव्या वित्त आयोगात (२०२१-२६) ग्रामपंचायतीच्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच, ठेवला: ३० टक्के पाण्याला, ३० टक्के स्वच्छतेला. शाळेचं पाणी आणि शौचालय दोन्ही त्यात बसतं. अडचण अशी की काम गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात नसेल तर ई-ग्रामस्वराजवर (ग्रामपंचायतीच्या हिशेबाचं संकेतस्थळ) खर्चच टाकता येत नाही. मग सरपंच म्हणतात "बघू", आणि वर्ष जातं. आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून वेग घेतं. त्याआधी समितीचा ठराव ग्रामपंचायतीत द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. ग्रामसभेआधी महिलासभा घ्यावी लागते. तुमच्या समितीतल्या ताईंनी हा विषय तिथं मांडून इतिवृत्तात घ्यावा. महिलासभेतून आलेली मागणी ग्रामसभेला सहज बाजूला टाकता येत नाही. यंदाचा आराखडा आधीच गेला असेल तर पुरवणी आराखड्याचा आग्रह धरा.

याशिवाय ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणाला आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी असतात. रॅम्प नसेल तर त्या ५ टक्क्यांतून मागा. उतार १:१२, म्हणजे ओटा दीड फूट असेल तर रॅम्प १८ फूट लांब. गुत्तेदार जागा वाचवायला सहा-आठ फुटांत उरकतो आणि त्यावर चाकाची खुर्ची चढत नाही.

बांधकाम उपविभाग, परतूर
दोन गोष्टी तांत्रिक बाजूनं.

कुलूप पाण्यामुळं लागलंय, म्हणून नवीन शौचालय बांधून काही होणार नाही. आपल्याकडं नळाला चार-आठ दिवसांआड पाणी येतं, तेही पहाटे किंवा रात्री. त्या वेळी शाळा बंद. गच्चीवरच्या टाकीत ते पाणी दाबानं चढत नाही आणि खाली साठवायला काही नसतं. म्हणून आधी जमिनीत हौद करा आणि त्याला बॉलकॉक बसवा, म्हणजे माणूस नसतानाही भरेल आणि वाहून जाणार नाही. तिथून अर्ध्या एचपीच्या मोटरनं वरच्या टाकीत. भारतीय मानकात दिवसाच्या शाळेला माणशी ४५ लिटर धरतात. ११२ गुणिले ४५ म्हणजे ५,०४० लिटर, हे एका दिवसाचं. हजार लिटरची एक काळी टाकी ठेवून भागत नाही ते यामुळं. जलजीवन मिशनच्या योजनेत शाळेची जोडणी धरलीय का, तेही तपासा. युनिटचा हिशेब ४० मुलांमागे एक: एक शौचकूप, तीन मुताऱ्या.

आता खोल्या. उभी चीर गेलेल्या भिंतीवर नवे पत्रे टाकू नका. ती खोली आजपासून बंद करा, लेकरं दुसरीकडं बसवा. दगड-मातीच्या जुन्या भिंतीत पाणी मुरलं की आतला गाळ सुटतो, भिंत पोट काढते, आणि एका पावसात बसते. तिचा निर्लेखन प्रस्ताव, म्हणजे खोली नोंदीतून कमी करून पाडायचा प्रस्ताव, करा: समितीचा ठराव, फोटो, मुख्याध्यापकांचं पत्र, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकारी, तिथून उपअभियंत्यांची पाहणी, मग जिल्हा परिषद. हे न करता नवीन खोली मागितली की प्रस्ताव परत येतो, कारण कागदावर खोली शिल्लकच असते.

दुसऱ्या खोलीची भिंत ठणठणीत असेल आणि फक्त पत्रा गळत असेल तर ते काम संयुक्त अनुदानात बसेल. आधी हुकांखालचे वॉशर बघा. उन्हानं ते तडकतात आणि गळती बहुतेक तिथंच असते. नवा पत्रा लागलाच तर जोडावर किमान सहा इंच चढ ठेवा, हुक पन्हळीच्या माथ्यावर मारा, खोलगट भागात नाही.

पालक सदस्य, कळंब तालुका
खूप उपयोग झाला सगळ्यांचा. एक विचारायचं राहिलं. यू-डायसमध्ये (शाळांची सरकारी ऑनलाइन माहिती) आमच्या दोन्ही खोल्या 'चांगल्या' दाखवल्यात म्हणे. त्यानं फरक पडतो का?

निवृत्त केंद्रप्रमुख, अंबाजोगाई
फार मोठा फरक पडतो. समग्र शिक्षाचा वार्षिक आराखडा त्याच माहितीवर बनतो. शौचालय 'चालू' आणि खोली 'चांगली' दिसली की वरच्या कार्यालयाच्या लेखी तुम्हाला काहीच कमी नाही. शाळेचा छापील अहवाल बैठकीत मागून घ्या, एकेक रकाना सदस्यांसमोर वाचा. शौचालय आहे पण वापरात नाही, एका खोलीला मोठी दुरुस्ती लागते, असं भरून घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा करणं हे समितीचंच काम आहे, तेव्हा मुख्याध्यापकांनी नाही म्हणायचं कारण नाही. त्या आराखड्यात आणि यू-डायसमध्ये एकच आकडे यायला हवेत.

ठराव मोघम लिहू नका. "शाळेची दुरुस्ती करावी" असं लिहिलं की पुढं कुणीही काहीही करतं. कोणती खोली, कोणतं काम, अंदाजे रक्कम, कोणत्या निधीतून, सूचक आणि अनुमोदक, एवढं हवंच. तीन दरपत्रकं जोडा आणि त्यांवर तारखा तपासून घ्या.

पीएफएमएसचं काम फेब्रुवारीच्या आत संपवा. दुकानदाराची नोंदणी आणि त्याच्या बँक खात्याची पडताळणी यातच बरेच दिवस जातात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात संकेतस्थळ बऱ्याचदा नीट चालत नाही, आणि ३१ मार्चला न खर्चलेली मर्यादा परत जाते.