प्लास्टिकच्या स्टेजवर फायबर जुळवणारे महाभाग

खडूस_ऑप्टिक्स: परवा इथे एकाने लिहिलं, "फायबरचं टोक मायक्रॉन-मायक्रॉनने सरकवायला लाखभराची इंपोर्टेड स्टेज घेणारे येडे आहेत, ओपनफ्लेक्शरचं फुकट डिझाइन थ्रीडी प्रिंटरवर छापा, काम तेच होतं." तेच? पीएलए, म्हणजे त्या प्रिंटरचं प्लास्टिक, दहा सेंटीमीटरमागे एका डिग्रीला सातेक मायक्रॉन वाढतं, अ‍ॅल्युमिनियम सव्वादोन. सिंगल मोड फायबरचा कोर, म्हणजे प्रकाश जातो तो गाभा, ५ ते ९ मायक्रॉन. आमच्याकडे एसी बंद पडला की कपलिंग, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश शिरणं, बोंबललंच, आणि ते धातूच्या स्टेजवर! व्हिडिओ बघून प्रिसिजन येत नाही.

थ्रीडीवाला: आले धातूवाले. ओपनफ्लेक्शरच्या ब्लॉक स्टेजचा २०२० चा पेपर वाचलाय? फायबर अलाइनमेंटच आहे त्यात, १०० नॅनोमीटरच्या आत. प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या वाकतात, घासत काहीच नाही, त्यामुळे अडकून उडी मारायचा प्रश्न नाही. २८बीवायजे-४८ मोटर, एका फेरीला ४०९६ पावलं (हाफ स्टेप), एम३ स्क्रू फेरीमागे सरकतो अर्धा मिलिमीटर, भागाकार येत असेलच.

खडूस_ऑप्टिक्स: स्क्रूचं एक पाऊल १२२ नॅनोमीटर, केला; पुढे स्टेजमध्ये ते आणखी बारीक होतं, मान्य. पाऊल बारीक पडणं वेगळं आणि तिथेच उभं राहणं वेगळं. आणि रेंज २ मिलिमीटर, हे सांगायचं राहिलं वाटतं.

पीएचडी_लटकली: तुमचं चालू द्या, इथे स्टेजच मिळत नाही. जुलै २०२२ ला रिसर्चच्या उपकरणांवरचा सवलतीचा ५ टक्के जीएसटी गेला, १८ झाला, ग्रँट तेवढीच. मग सगळ्यात कमी दर म्हणून खरेदी विभागाने इंचाच्या मापाची घेतली, आमचं टेबल मेट्रिक, एम६ बोल्टची भोकं २५ मिलिमीटरवर, स्पेक्समध्ये ठळक लिहिलेलं असून!! गाईड म्हणाले अ‍ॅडजस्ट करा.

वर्कशॉप_काका: अगं मग स्टेजच्या भोकांचे लांबट स्लॉट काढून घे, इंचाचे २५.४ आणि तुझे २५ यात फरक तो कितीसा. पण काढणार कोण? फिटर रिटायर झाले, पोस्ट भरल्या नाहीत, लेथवर ताडपत्री टाकलीय. आमच्या वेळी मायक्रोमीटर हेड, म्हणजे बारीक सरकवणारा स्क्रू, तेवढा आणून बाकी स्टेज आम्ही इथेच बनवायचो.

थ्रीडीवाला: म्हणजे काका आमच्याच बाजूचे.

वर्कशॉप_काका: प्लास्टिकच्या नाही रे बाबा.

पीएचडी_लटकली: काका, ड्रिल मशीनची चावीसुद्धा सही घेऊन मिळते आता.

खडूस_ऑप्टिक्स: बरं, एमएस्सीच्या पोरांना मोडायला छापा हवं तर. माझ्या टेबलवर नको.

थ्रीडीवाला: केवढे उपकार. रंग कुठला देऊ?

पीएचडी_लटकली: रंग राहू दे, एम६ भोकांची बेसप्लेट आहे का त्या फायलीत? आज रात्री प्रिंटर मोकळा आहे.